बारा नंबरच्या पडद्यावरचे हृदय

व्हर्नेल टिस्डेलच्या खिशातला फोन थरथरला, तेव्हा रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रार्थनागृहात शेवटचे स्तोत्र चालू होते आणि तिचे गाल अजून ओले होते.

रेव्हरंड मॅबरींचे निवृत्तीआधीचे ते शेवटचे रविवारचे प्रवचन होते. बोलता बोलता त्यांचा आवाज सुरावर चढला आणि मग बोलणे कुठे संपले, गाणे कुठे सुरू झाले, ते कोणालाच कळले नाही. ते श्वासाला थांबले की लोक "होय, प्रभू!" म्हणून झील धरत. त्यात मागच्या रांगेतला एक खर्ज असा काही लागला होता की त्याच्या खांद्यावर पाय ठेवून रेव्हरंड वर चढत होते. व्हर्नेलने वळून पाहिले नाही. डोळे मिटलेले असताना कोण वळते? मात्र प्रवचन भरात असतानाच तो खर्ज एकाएकी थांबला आणि तिला उगाच चुकल्यासारखे झाले.

"मिस व्हर्नेल, मी केझाया. पाचव्या मजल्यावरून." पोरगी घाईघाईने बोलत होती. "बारा नंबर. डीकन पेटवे. हृदय थांबलं होतं. परत आणलंय, अतिदक्षता विभागात नेलंय. पण अलार्म वाजलाच नाही! पडद्यावर सगळं छान चाललं होतं."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान! माणूस न्हाणीघरात निळा पडला आणि पडद्यावर त्याचं हृदय टकटक चालत होतं!"

व्हर्नेल जिन्याकडे धावली. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता.

मेंफिसमधल्या नदीकाठच्या त्या रुग्णालयात परिचारिकांना मॉनिटर शिकवणे हे तिचे काम. तारा कशा लावायच्या, अलार्मच्या मर्यादा कशा ठरवायच्या, खोटा अलार्म कसा ओळखायचा आणि खऱ्याला कसे धावायचे, हे तिने कित्येकींच्या हाडात भिनवले होते. केझाया ब्रॉडनॅक्स तिच्या सर्वांत ताज्या तुकडीतली. चुकली तर केझाया चुकली, असे जग म्हणणार होते. पण तिला शिकवणाऱ्या व्हर्नेललाच झोप लागणार नव्हती.

पाचव्या मजल्यावरचे रुग्ण हृदयाचे. प्रत्येकाच्या अंगरख्याच्या खिशात एक डबी आणि त्या डबीच्या तारा छातीवरच्या चिकट पॅडना अडकवलेल्या. प्रत्येक डबीचा खाटेप्रमाणे नंबर. प्रत्येकाचे हृदय टेहळणीच्या खोलीत आपापल्या पडद्यावर धावत असते.

तिथे परिचारिका विभागाच्या संचालिका मिसेस हार्बिसन आधीच उभ्या होत्या. हातात छापून काढलेली पट्टी.

"बघ हे. पेटवेंचं हृदय अनियमित. दोन ठोके जवळ, तिसरा लांब. सकाळी तसंच आहे. मग मधेच तारा सुटल्याची खूण, आणि तिथून तारा पुन्हा सुटेपर्यंत हे! घड्याळासारखं. हे पेटवेंचं हृदय नाही, व्हर्नेल."

"नाही," व्हर्नेलने पट्टी उजेडात धरली. "आणि रेघाही उलट्या पडल्यात. पांढरी तार डाव्या बाजूला लागली होती."

"म्हणजे तुझ्या विद्यार्थिनीनं बारा नंबरची डबी भलत्याच रुग्णाला लावली, तीही उलटी. चूक कळल्यावर डबी पेटवेंपाशी नेऊन टाकली. सोमवारी दुपारी चौकशी आहे. परवाना मंडळाला कळवण्याशिवाय माझ्याकडे पर्याय नाही."

केझाया कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तिने हनुवटी वर केली, पण ओठ तिचे ऐकेनात.

"मी पांढरी डावीकडे लावीन? झोपेतसुद्धा नाही! पांढरी उजवीकडे, काळी डावीकडे. तुम्ही आम्हाला ते गाण्यासारखं घोकायला लावलंत."

"आधी पाणी पी," व्हर्नेल म्हणाली. "मग सगळं सांग."

*

टेहळणीवर कॉर्डेल होता. दिवसभर पडदे पाहून डोळे लाल झालेला, गडबडला की विनोद करणारा तरुण.

"तारा सुटल्याची खूण आली तेव्हा तू काय केलंस?"

"खोलीतल्या स्पीकरवरून विचारलं. 'डीकन, तारा निघाल्या का?' ते म्हणाले, 'सदरा बदलतोय, बाळा. लावतो परत.' आणि रेघ परत आली. मी म्हटलं, आजोबांनी नोकरी मिळवली इथे!"

"केझायाला कळवलंस?"

विनोद विरला. "ती अकरा नंबरपाशी होती. रेघ आली होती ना... मग कशाला?"

"अनियमित हृदय एका क्षणात नियमित झालं, तेही दिसलं नाही?"

"मिस व्हर्नेल, इतके पडदे! वाईट झालं तर यंत्र ओरडतं. अचानक चांगलं झालं तर ते ओरडत नाही."

हे मात्र खरे होते. व्हर्नेलने मजल्यावरच्या बाकीच्या सगळ्या पट्ट्या मागवल्या. त्या वेळात प्रत्येक खाटेवरचे हृदय आपापल्या डबीतून, आपापल्या पडद्यावर धावत होते. एकही गायब नव्हते. एकही बदललेले नव्हते.

"मिसेस हार्बिसन, डब्यांची अदलाबदल झालीच नाही. बारा नंबरवरचं हृदय या मजल्यावरच्या कुठल्याच रुग्णाचं नाही."

"मग कोणाचं? भुताचं?"

"भुताला हृदय असतं, असं मी तरी ऐकलं नाही." व्हर्नेलने पट्टी घडी करून खिशात घातली. ते अनोळखी हृदय नुसते चालत नव्हते. मधेच भरभर धावत होते, मग शांत होत होते, मग पुन्हा आधीपेक्षा वेगाने. पायऱ्या चढाव्यात तसे. झोपलेल्या माणसाचे हृदय असे चढत नाही.

केझाया आता थोडी सावरली होती.

"सकाळी मी त्यांचे पॅड बदलले. छाती पुसली, कोरडी केली, सगळं तुम्ही शिकवलंत तसं. ते म्हणाले, 'पोरी, घाम फार येतो, एक पाकीट जास्तीचं ठेव.' ठेवलं. मी म्हटलं, 'डीकन, तुमची दाढी म्हणजे भांडी घासायची तार झालीय.' ते म्हणाले, 'लेमुएल येईल.' रविवारी त्यांचे न्हावी मित्र येतात."

"नंतर?"

"नंतर एकदा दारातून डोकावले." तिने मान खाली घातली. "पांघरूण डोक्यावरून ओढलेलं. टीव्हीवर खालचं प्रवचन मोठ्यानं लागलेलं. पडद्यावर रेघ सुरेख. म्हटलं, झोपू दे. मग न्हाणीघरातली मदतीची दोरी ओढल्याची घंटा वाजली. धावले तर मिस्टर गेन्स, ते न्हावी, ओरडत होते. डीकन फरशीवर. तारा बाजूला पडलेल्या. नाडी नाही. मी छाती दाबायला घेतली, नंतर तोंडावर हवा भरायचा मास्क धरला. तो पहिल्या दमात बसला, देवाची कृपा. मग विजेचा झटका दिला आणि हृदय आलं."

"पहिल्या दमात बसला?"

"हो. जराही हवा सुटली नाही."

"अंगावर काय होतं?"

"रुग्णालयाचाच अंगरखा. आणि पायात..." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "काळे मोजे. तलम. आपले रबरी ठिपक्यांचे जाड मोजे खाटेखाली पडले होते. तेव्हा लक्षात घ्यायला वेळ कुठे होता?"

*

अतिदक्षता विभागात चर्चचे सेवक, डीकन ओथा पेटवे, नळ्यांच्या जंजाळात पडले होते. अजून शुद्ध नव्हती. व्हर्नेलने त्यांची छाती पाहिली. केझायाचे सकाळचे पॅड जागच्या जागी, पांढऱ्या तारेची जागा उजवीकडेच. मग तिने वाकून त्यांच्या गालाचा वास घेतला. साबणाचा नव्हे, औषधाचा नव्हे. मसालेदार, गोडसर.

बाहेर डीकनच्या पत्नी, चर्चमध्ये सगळे ज्यांना 'सिस्टर' म्हणत त्या ओझेला पेटवे बसल्या होत्या, हातात टोपी. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्यांच्या चर्चमधून थेट आलेल्या. शेजारी लेमुएल गेन्स, गळ्यापर्यंत बटणे लावलेला, मांडीवर फुगलेली चामडी बॅग.

"सिस्टर ओझेला, क्षमा करा, एक विचारते. तुमचं हृदय कसं आहे?"

"माझं?" म्हातारी कोरडे हसली. "यंत्रावर चालतं, पोरी. चार वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय. ओथा म्हणायचा, आपल्या घरात एक हृदय देवाचं आणि एक कंपनीचं." मग हसणे मोडले. "मी डॉक्टरांना हात जोडले होते. याला खाटेवरून उठू देऊ नका म्हणून. खाली मॅबरींचं प्रवचन आहे, हा लहान पोरासारखा हट्ट करत होता. 'ओझेला, मी झील धरली नाही तर तो एकटा पडेल.' मी म्हटलं, गेलास तर याद राख!"

व्हर्नेल गेन्सकडे वळली.

"तुम्ही खोलीत कधी आलात, मिस्टर गेन्स?"

"नुकताच आलो होतो, बाई. बॅग खुर्चीवर ठेवतो न ठेवतो, तर न्हाणीघराचं दार अर्धं उघडं. बघतो तर ओथा पडलेला. दोरी ओढली."

"दाढी केलीत?"

"कुठली दाढी! वस्तरासुद्धा बाहेर काढला नाही."

"खाटेवर कोणी होतं?"

"रिकामी होती." त्याने सदऱ्यावरूनच छाती खाजवली आणि हात पटकन खाली घेतला. "त्या नव्या पोरीकडे बघा काय ते. तारांचा कारभार तिचा."

ओझेलाने मान हलवली. "पोरीनं त्याला जिवंत केलं, लेमुएल."

त्याने बॅग छातीशी धरली.

घरी गेल्यावरही व्हर्नेलला चैन पडेना. रेव्हरंड मॅबरींचे प्रवचन रुग्णालयाने खोल्यांसाठी टिपून ठेवले होते. तिने ते मागवले, कानाला लावले आणि दुसऱ्या हातात पट्टी धरली. एरवी ती रडत ऐके. आज दातओठ खाऊन ऐकत होती. रेव्हरंड पहिल्यांदा सुरावर चढले, पट्टीवरचे हृदय धावले. ते श्वासाला थांबले, हृदय निवले. मागून तो खर्ज आला, आणि पुन्हा धावले.

"अरे देवा," ती पुटपुटली आणि टेबलाच्या कडेवर बसली.

*

सोमवारी चौकशीआधी तिने सगळ्यांना आपल्या वर्गात बोलावले. खाटेवर सरावाचा रबरी पुतळा, भिंतीला सरावाचे मॉनिटर. मिसेस हार्बिसन उभ्याच राहिल्या. कॉर्डेल दाराशी, केझाया खिडकीशी. ओझेला आणि गेन्स पुढच्या बाकावर.

"डीकनना शुद्ध आली?" हार्बिसननी विचारले.

"डोळे उघडले," ओझेला म्हणाल्या. "नळीमुळे बोलता येत नाही. पण माझा हात दाबला."

गेन्सने डोळे मिटले.

"मिस्टर गेन्स, जरा मदत करा," व्हर्नेल म्हणाली. "तुम्ही डीकनच्या तारा अनेकदा पाहिल्यात. या पुतळ्यासमोर उभे राहा, आणि तशाच तारा स्वतःच्या सदऱ्यावर धरून दाखवा."

"मी कशाला?"

"एका पोरीची भाकरी अडकलीय म्हणून."

पुतळ्याच्या उजव्या खांद्याखाली पांढरी तार होती. गेन्स समोर उभा राहिला. भिंतीवरच्या आरशात त्याची नजर आपोआप गेली. हाताने तार उचलली आणि डाव्या खांद्याखाली नेली.

पांढरी तार उलट्या बाजूला होती.

"आरशासमोर आयुष्य गेलेला माणूस," व्हर्नेल हळू आवाजात म्हणाली. "समोरच्याची उजवी त्याला आपल्या डावीकडे दिसते, आणि हात तिकडेच जातो. परिचारिकेची ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडते. केझायाच्या हातून डीकनच्या छातीवर सगळं बरोबर होतं. मी स्वतः पाहिलं. म्हणजे उलट्या तारा दुसऱ्या माणसाच्या अंगावर होत्या, आणि त्या कुठल्याही परिचारिकेनं लावलेल्या नव्हत्या."

"हा अंदाज झाला," हार्बिसन म्हणाल्या. "असं कोणीही करील."

"करील. म्हणून एकेकाला वगळते. मजल्यावरचे रुग्ण नाहीत, सगळ्यांची हृदयं आपापल्या जागी होती. सिस्टर ओझेला नाहीत; पेसमेकरचा ठोका पट्टीवर वेगळा उमटतो. त्या माणसाकडे पॅड हवेत, तर जास्तीचं पाकीट खोलीत होतंच, डीकननी मुद्दाम मागून घेतलेलं. आणि तो माणूस पांघरुणाखाली टीव्हीवर प्रवचन ऐकत होता. रेव्हरंड चढले की त्याचं हृदय चढत होतं. मी दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिलंय."

"पण मग ओथा कुठे होता?" ओझेलाचा आवाज अगदी बारीक झाला.

"खाली, सिस्टर. माझ्या मागच्या रांगेत. रविवारच्या सुटात आणि तलम काळ्या मोज्यांत. सुटातल्या माणसाला रुग्ण कोण समजतं? मी त्यांचा खर्ज ऐकला, मधेच थांबलेला ऐकला. जिवाला बरं वाटेना म्हणून ते वर परतले. न्हाणीघरात अंगरखा चढवला, मोजे काढायच्या आधीच कोसळले. टीव्ही मोठ्यानं चालू होता. खाटेवरच्या माणसाला काही ऐकू आलं नाही, आणि यंत्रालाही नाही, कारण यंत्र त्या माणसाचं हृदय ऐकत होतं."

तिने खुर्ची ओढली आणि गेन्सच्या समोर बसली.

"तुम्ही म्हणालात, वस्तरा बाहेर काढला नाही. सकाळी डीकनची दाढी तारेसारखी होती. अशा दाढीवर मास्क बसत नाही, कडेनं हवा सुटते. केझायाचा पहिल्या दमात बसला. गाल गुळगुळीत होता आणि त्याला तुमच्या दुकानातल्या बे रमचा, दाढीनंतर लावायच्या त्या मसालेदार अर्काचा, वास होता. चर्चला निघालेल्या मित्राला तुम्ही आधी सजवलंत, मिस्टर गेन्स. मग त्यांची डबी घेऊन त्यांच्या जागी झोपलात. सूट त्या बॅगेत होता, म्हणून ती इतकी फुगली होती."

"हे सगळं..." गेन्सने ओठ ओले केले. "हे सगळं बोलणं आहे."

"मग सदरा उघडा."

मग त्याची बोटे आपणहून वरच्या बटणाकडे गेली. पांढऱ्या केसांच्या छातीवर वस्तऱ्याने साफ केलेले चौकोन होते आणि प्रत्येकात लालभडक, फोड आलेला गोल.

"त्यानंच स्पीकरवर उत्तर दिलं," तो बोलू लागला, आणि मग थांबवता थांबेना. "माझ्या अंगावर तारा लावून होईपर्यंत तो खाटेशीच उभा होता. हसत होता. म्हणाला, 'लेमुएल, एवढा एक तास माझं हृदय हो.' मी नाही कसं म्हणणार? चाळीस वर्षं मी त्याच्या शेजारी गायलोय. मी तिथे पडून रडत होतो, बाई, इतकं ते प्रवचन सुंदर होतं, आणि भिंतीपलीकडे तो मरत होता! पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसला. तारा उपटल्या, त्याच्याजवळ टाकल्या, त्याचा सूट बॅगेत कोंबला, सदरा घातला, मग दोरी ओढली. सदरा आधी घातला. देव मला त्या सदऱ्याचा हिशेब विचारील."

"आणि नंतर?" हार्बिसनचा आवाज धारदार होता. "या मुलीचं नाव का घेतलंत?"

"ओझेलापुढे बोलायची हिंमत झाली नाही."

ओझेलाने त्याच्याकडे पाहिलेच नाही. तिने टोपीची फीत बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"चौकशीत डब्यांची अदलाबदल हा आरोप राहणार नाही," हार्बिसन शेवटी म्हणाल्या. "परवाना मंडळाला मी काही कळवत नाही."

केझायाने सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला.

"थांब, पोरी," व्हर्नेल म्हणाली. "तुझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. तू पांघरूण पाहिलंस आणि पडदा पाहिलास. माणूस पाहिला नाहीस. कॉर्डेल, तूही रेघेलाच माणूस समजलास. उद्यापासून तारा सुटल्या की स्पीकर नाही. कोणीतरी खोलीत जाईल, चेहरा पाहील, हात लावील. दोघं सकाळी वर्गात या."

"मी पहिल्या बाकावर बसेन," कॉर्डेल म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

ओझेला उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या, पाठमोऱ्याच.

"व्हर्नेल, तू होतीस ना तिथे? कसा गायला?"

"त्यांच्याशिवाय रेव्हरंड इतके वर गेलेच नसते."

म्हातारीचे खांदे हलले. "मूर्ख माणूस," ती म्हणाली. कोणाला, ते कळले नाही. मग वळली. "लेमुएल, माझ्याशी बोलायचं ते मी बोलावीन तेव्हा. आधी त्या पोरीशी बोल."

दार मिटले. गेन्स उघड्या सदऱ्याने केझायासमोर उभा राहिला. इतका मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"पोरी, मी तुझं आयुष्य..."

"खाजवू नका," केझाया म्हणाली.

"काय?"

"त्या फोडांना हात लावू नका म्हणते. पॅड असे ओरबाडून काढतात का? कातडी निघालीय." तिने कपाटातून मलमाची नळी काढली आणि खुर्ची पायाने ढकलून दिली. "बसा इथे. मला राग आलाय, फार आलाय, आणि तो इतक्यात जाणार नाही. पण बसा."

तो बसला. तिने त्याचे मनगट हातात घेतले. शेजारी सरावाचे चार मॉनिटर होते, तिने एकाकडेही पाहिले नाही. बोटांखाली नाडी सापडेपर्यंत ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.